भट्टीवरचा खोकला

सांगली

चि. बाळ यास,


तुझं पत्र मिळालं. पत्रभर बेकरीच्या विक्रीची काळजी आहे. समोर नवं केकचं दुकान आलंय, पोवई नाक्यावर फ्लेक्स लावावा का, रील करणाऱ्या मुलांना पैसे द्यावेत का. आणि अगदी शेवटी, ता. क. म्हणून, भट्टीवरच्या काकांचा खोकला महिनाभर हटत नाही, ते बारीक झालेत, "मैदा छातीत जातो" म्हणतात. मी उत्तर शेवटापासून सुरू करते.

मैद्याच्या धुळीने दमा होतो, हे खरं आहे. पण म्हणूनच बेकरीत खोकल्याला कारण आयतं मिळतं आणि कुणी पुढे तपास करत नाही. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा, हा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. त्यात वजन उतरलंय. त्यांना संध्याकाळी कणकण येते का, रात्री घामाने अंग भिजतं का, हे विचार. आणि उत्तर काहीही आलं तरी तपासणीला पाठव.

मिरजेच्या लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून नीट सांगते. नमुना चांगला नसेल तर पुढचं सगळं वाया जातं. खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा, तोंडातली लाळ नको. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. डबीत नमुना मोकळ्या हवेत द्यायचा, भट्टीघरात किंवा संडासात नाही. एक नमुना तिथेच आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबरचा. त्यांच्या सोबत तू जा. एकटा माणूस लाजेने लाळ देऊन परत येतो.

लॅबमध्ये बेडका काचपट्टीवर पसरून कार्बोल फुक्सिन हा लाल रंग घालतात आणि वाफ येईपर्यंत खालून तापवतात. मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्याचा रंग जातो, पण क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट असल्याने त्याचा लाल रंग टिकतो. मागून मिथिलीन ब्लू दिलं की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. १८८२ साली रॉबर्ट कॉखने हा जंतू जगापुढे ठेवला. त्यानंतर लगेचच रंगवण्याची ही पद्धत बसली आणि आजही ती चालते. शंभर क्षेत्रं पाहून १+, २+, ३+ अशी प्रत लिहितात. पण लक्षात ठेव, मिलिलिटरला पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते भिंगाखाली सापडत नाहीत. म्हणून "पट्टी निगेटिव्ह" एवढ्यावर समाधान मानू नकोस. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करा म्हणून सांग. ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीने केलंय, बॅटरीवरही चालतं. या तपासण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात, काही तासांत उत्तर देतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही सांगतात. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, आठवडे लागतात, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. एक्स-रे संशय दाखवतो, जंतू दाखवत नाही. आणि क्षयाच्या निदानासाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी कुणी सुचवली तर सरळ नकार दे. भारतात २०१२ पासून तिच्यावर बंदी आहे.

साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जंतू निघालेच तर नोंद होईल, तीही २०१२ पासून सक्तीची आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या, आणि नि-क्षय पोषण योजनेत आता महिन्याला हजार रुपये मिळतात.

तू विचारशील, काकांना गावी पाठवू का? नको. आपल्या सातारा-सांगली जिल्ह्यांना क्षयाच्या रोग्याला दूर ठेवायची जुनी सवय आहे: पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर, इकडे सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीचं आरोग्यधाम. औषध नव्हतं तेव्हा माणसं हवेच्या आशेने तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. १९५६ साली सुरू झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं की गोळ्या नियमित घेतल्या तर घरी राहूनही रोगी तितकाच बरा होतो. कामावर कधी यायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर पगार चालू ठेव. तो तुटला की माणूस गोळ्या सोडतो आणि दुसरीकडच्या भट्टीवर जातो.

पावातून हा रोग पसरत नाही. तो हवेतून पसरतो, आणि तुमचं भट्टीघर म्हणजे बंद पेटी आहे. पीठ फुगावं म्हणून दारं लावता, रात्रभर तिथेच काम, आणि पोरं माळ्यावर झोपतात. त्या सगळ्यांची तपासणी कर. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायचीच असते, ती कागदापुरती होऊ देऊ नकोस. रस्त्याच्या बाजूची भिंत फोडून मोठी खिडकी कर आणि पीठ फुगवायला वेगळं लहान कपाट बनव.

आता विक्रीचं. ती खिडकीच पहिली जाहिरात धर. लादीपाव भट्टीतून निघताना रस्त्यावरच्या माणसाला दिसला आणि वास आला की फ्लेक्सचे पैसे वाचतात. दारावर गरम पाव निघायच्या वेळा लिही आणि त्या पाळ. केकवाल्याच्या मागे धावू नकोस. मोती चौकातल्या कंदी पेढ्याशीही भेटवस्तूत तुझी बरोबरी होणार नाही. पण कास पठारावर येणारा माणूस खारी आणि टोस्ट प्रवासात नेतो, त्याची लहान पाकिटं तारखेसकट ठेव. दिवाळीत घरोघरच्या बायका नानकटाईचं पीठ भाजायला आणतात, त्या दरात वाढ करू नकोस. त्या दिवसांत आख्खी पेठ तुझ्या दारात उभी असते आणि वर्षभर कुठला पाव घ्यायचा ते तिथेच ठरवते.

एकच बजावते. काकांचा आजार ही तुझ्या सांगण्याची गोष्ट नाही, ना ग्राहकाला, ना समोरच्या दुकानदाराला. "आमचे कामगार तपासलेले" अशी पाटीही लावू नकोस, पेठेत अर्थ लगेच काढला जातो.

सोमवारी सकाळीच डबी घेऊन जा. अहवालाचा फोटो मला पाठव, प्रत आणि रिफाम्पिसिनची ओळ दिसेल असा. ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी