टोप कोणाच्या पाठीवर

लाल ड्रॅगनने फालिनला गिळलं आणि माझी भाची म्हणाली, ‘संपलं. क्लेरिकच गेली.’

आम्ही ‘डिलिशस इन डंजन’ बघत होतो. र्‍योको कुई यांची मूळ मांगा २०१४ ते २०२३ अशी चालली, ‘ट्रिगर’ स्टुडिओने २०२४मध्ये तिचा ॲनिमे केला. भाची दर शनिवारी डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, खेळते, त्यामुळे पडद्यावर माणूस दिसला रे दिसला की तिला त्याचा क्लास, म्हणजे टोळीतलं त्याचं काम, ठरवावा लागतो. लायोस फायटर. मार्सिल विझार्ड. चिलचक रोग, म्हणजे कुलपं-सापळेवाला. मला चिलचक आवडला. मजुरी आगाऊ घेतो, शिवाय आपल्या जमातीची युनियन चालवतो. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डी अँड डी काढला तेव्हा क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी. चोर आला १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत. मधलं वर्षभर कुलपं कोण उघडत होतं, देव जाणे.

मग सेन्शी आला. बुटका, दाढीवाला, हातात कुऱ्हाड.

‘ड्वॉर्फ. फायटर,’ भाची म्हणाली.

‘अगं, हा तर स्वयंपाकी आहे.’

‘तसा क्लास नसतो, मावशी.’

नसतो?

आमच्या ट्रेकच्या टोळक्यात अण्णा होते. वाट माहीत असलेला एक, दोर सांभाळणारा एक, मलमपट्टीची पेटी घेतलेली मी, आणि सॅकच्या मागे ॲल्युमिनियमचा थोरला टोप उपडा बांधलेले अण्णा. खालून बघितलं तर कासव गड चढतंय असं वाटायचं. रतनगडाच्या गुहेत पोचल्यावर आम्ही पाय पसरून बसायचो. अण्णा आधी टाक्याजवळचा चिखल बघायला जायचे. तीन दगड मांडायचे, आणि टोपाला बाहेरून चिखलाचा जाड लेप द्यायचे. पहिल्यांदा मी हसले, तर म्हणाले, ‘सकाळी काजळी घासायला तू बसणार आहेस का?’ लाकडं ओली. धुराने सगळे रडतायत. वारा आला की अण्णा परात ढालीसारखी आडवी धरून बसायचे. मग बुक्कीने कांदा फोडायचा, पिठलं रटरटायचं, आणि मघाशी वाटेवरून भांडलेली माणसं मुकाट्याने एकमेकांना खेटून बसायची. संध्याकाळी बाकीचे सगळे नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत जायचे. अण्णा कधी गेले नाहीत. सात-आठ वेळा रतनगड केला आणि नेढं पाहिलं नाही. भाताला आधण ठेवलेलं असायचं.

सेन्शीचं भांडंही मुळात ढालच. ॲडमंटची, कुठल्याच शस्त्राला दाद न देणारी. तिचा त्याने टोप करून टाकला. भाचीला हे फार वाया घालवल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत.

हे सगळं सांगितल्यावर ती उठून फासे घेऊन आली. म्हणाली, ‘चल, तुझ्या अण्णांचं कॅरेक्टर करू. जुन्या पद्धतीने, तीन-तीन फासे.’ ताकद आली पंधरा. काटकपणा सोळा. चपळाई नऊ, तेही बरोबरच. शहाणपण आलं सहा.

‘पुन्हा टाक,’ मी म्हटलं.

‘तसं चालत नाही, मावशी.’

‘माणसाने चिखल लावला होता टोपाला!’

ती ऐकेना. तिने सहाचा आकडा लिहिला, पेन्सिल कानामागे खोचली आणि रिमोट दाबला. सेन्शीच्या भांड्यात विंचू उकळत होता.