केसतूड

एक हात डोक्यामागे टाकून, काखा काढून घ्यायला बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर उकिडवे बसलेले आबा, माझे वडील. माझ्या आठवणीतलं सगळ्यात जुनं चित्र हेच असावं. माणदेशातलं आमचं गाव, देवळामागचा कडुलिंब, त्याच्या पारावर उघडी पडलेली धोकटी. त्या काळी न्हाव्याचं काम दाढी-डोक्यावर संपत नसे. काखा काढणंही त्याच बलुत्यात यायचं; सुगीला पदरात पडणाऱ्या ज्वारी-बाजरीत त्याची वेगळी मोजदाद नव्हती. तांब्यातलं पाणी संपलं की मला हाक यायची, म्हणून मी जवळपासच खेळायची आणि बघत राहायची.

आबा वस्तरा लगेच उचलत नसत. आधी ओला फडका काखेत दाबून धरायला लावत आणि तोवर पावसापाण्याच्या गप्पा काढत. मग फडका बाजूला करून अंगठा फिरवत. वर, खाली, आडवा. जिकडे अंगठा अलगद सरकतो तो केसांचा रोख, जिकडे खुपतो ती उलटी बाजू. काखेत हा रोख एक नसतो. वरचे केस वर वळलेले, खालचे खाली, मधे भोवरा. आबांचा हातही तसा वळत जायचा. शेवटी पाणी आणि मग तुरटीचा खडा. तुरटी झोंबली आणि माणसानं तोंड वाकडं केलं की आबा त्या जागी वाकून बघत. झोंबलं म्हणजे तिथं आपला हात चुकला, असा त्यांचा हिशेब होता.

१९७२च्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. विहिरी आटल्या होत्या, गाव खडी फोडायला जात होतं. दगडाची पूड आणि घाम घेऊन माणसं संध्याकाळी पारावर यायची. आबांनी माणशी एक वाटी पाणी ठरवलं होतं, तेही आमच्या पिण्याच्या घागरीतलं. एकदा वाटीभरही उरलं नव्हतं. समोरचा म्हणाला, "असू द्या आबा, कोरडीच मारा." आबांनी वस्तरा मिटला. "कोरडी मी मारायचो न्हाई. उद्या ये." एखाद्याची बिनपाण्यानं करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण हा वाक्प्रचार खऱ्या कातड्यावरून आलेला आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

केसतूड हा शब्दही मी पारावरच ऐकला. केस तुटून त्याच्या मुळाशी जे ठसठसतं ते केसतूड. पुढे नर्सिंगला गेल्यावर त्याची इंग्रजी नावं पाठ केली, पण एवढं नेमकं नाव त्यांत एकही सापडलं नाही. कोरडा केस तारेसारखा ताठ असतो. कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि पातं हलक्या हातानं चालतं. न भिजवता ओढलं, तर पातं केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतं. मग आग होते, लाली येते. त्याहून चिवट दुखणं नंतर सुरू होतं. कापलेल्या केसाचं टोक तिरकं आणि धारदार होतं. काखेतला आणि जांघेतला केस मुळातच कुरळा. वाढताना तो वळून पुन्हा कातडीत शिरतो, किंवा फार खोलवर कापला गेला असेल तर बाहेर येण्याआधी आतल्या आतच वळतो. शरीर त्याला ओळखत नाही. रुतलेल्या काट्याशी वागावं तसं आपल्याच केसाशी वागतं, भोवती सूज आणतं, कधी पू करतं. त्यात या जागा घामाच्या, घड्यांच्या, कपड्यानं दिवसभर घासल्या जाणाऱ्या.

हे सगळं मला वहीत लिहिता येत होतं, आणि तरीही १९७९ साली जिल्ह्याच्या ठिकाणी प्रसूती कक्षात रुजू झाले तेव्हा मी बिनपाण्याचीच करू लागले. बाई कळा देत आली की एनिमा आणि शेव्ह, हा नियम होता. 'पार्ट तयार केला का?' एवढंच विचारलं जायचं. ब्लेड चिमट्यात धरायचं, साबणाचा हात फिरवायचा आणि उलट्या बाजूनं चकचकीत करून टाकायचं. रात्रीत आठ-दहा बायका असत. भिजत ठेवायला वेळ कुणाला होता? वरून स्पिरिटचा बोळा. कळांमध्ये न ओरडलेल्या बायका त्या बोळ्याला ओरडायच्या. मी म्हणायची, "झालं हं, झालं." त्या आवाजाची मला आज लाज वाटते. तिसऱ्या दिवशी त्या घरी जायच्या. खुंट वर येऊन टाक्यांना टोचू लागायचे ते नंतर, आमच्या नजरेआड.

ते मला कळलं १९८४ साली, माझ्या पहिल्या बाळंतपणात. शेव्ह माझ्याच एका मैत्रिणीनं केली, मी करायची तशीच. माहेरी गेल्यावर आठव्या दिवशी मांडीच्या सांध्यात एक गाठ ठसठसू लागली, शेजारी बारीक बारीक पुटकुळ्यांची रांग. बसवेना, बाळाला मांडीवर घेववेना. मी परिचारिका होते आणि तरी दोन दिवस आईलाही बोलले नाही. शेवटी आईनं ओळखलं. तिनं ओसरीवर जाऊन आबांना एवढंच सांगितलं, "पोरीला केसतूड झालंय." कुठं, ते आबांनी विचारलं नाही. दाराआडून त्यांचा आवाज आला, "उलटा वस्तरा कुणी मारला गं तिला?"

मी उशीत तोंड घालून रडले. दुखण्यानं नव्हे. पाच वर्षांत किती बायकांना मी उलटा वस्तरा मारला होता, आणि त्यांच्या दाराबाहेर असं विचारणारं कोण होतं?

आबांनी आईकरवी निरोप पाठवले. पिळायचं नाही, नखानं टोकरायचं नाही. स्वच्छ फडका कोमट पाण्यात बुडवून दिवसातून तीन-चारदा दहा दहा मिनिटं धरायचा. नेसण सुती आणि सैल. तुरटी लावायची नाही. हे शेवटचं ऐकून आईला नवल वाटलं, कारण तुरटी म्हणजे आबांचं सर्वस्व. तुरटी आकसवते, ओरखड्यातलं रक्त गोठवून थांबवते. सुजलेल्या, आत पू धरणाऱ्या जागेला ती नुसती जाळते. आबांना हे अनुभवानं माहीत होतं. पाचव्या दिवशी गाठ आपोआप फुटली आणि मी बाळाला घेऊन मांडी घातली.

कामावर परतल्यावर मी कोमट पाण्याचं भांडं मागितलं. वरिष्ठांनी विचारलं, "हे काय, ब्यूटी पार्लर आहे का?" मी भांडं ठेवलंच. आधी कात्रीनं केस बारीक करायचे, भिजवायचे, मग रोखानं पातं फिरवायचं, आणि चकचकीत करण्याचा हट्ट सोडायचा. पुढे नव्वदच्या दशकात एका प्रशिक्षणात समजलं, की मुळात हे करायचंच कारण नव्हतं. १९२२ साली अमेरिकेत ३८९ बाळंतिणींवर हे तपासून झालं होतं. ज्यांना वस्तरा न लावता केस नुसते कातरले होते, त्यांना ताप जास्त आला नव्हता. शस्त्रक्रियांचंही तसंच. १९७१ सालच्या एका अभ्यासात वस्तऱ्यानं केस काढलेल्यांपैकी शेकडा ५.६ जणांच्या जखमा चिघळल्या. केस न काढलेल्या किंवा औषधी मलमानं काढलेल्यांत हे प्रमाण शेकडा ०.६ होतं. पात्याचे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे जंतूंना घर देतात, एवढंच त्यामागचं कारण. मी रुजू झाले तेव्हा हे दोन्ही कागद जगात होते. आमच्या कक्षापर्यंत ते पोचले नव्हते. मी निवृत्त झाले त्या २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लिहून टाकलं, की शस्त्रक्रियेआधी वस्तरा वापरू नका. अगदी गरजच असेल तर क्लिपरनं केस बारीक करा. २०१८ साली बाळंतपणासाठीही सांगितलं, की सरसकट शेव्ह नको. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आकडे नव्हते. लोखंडी खाट होती, स्पिरिटचा बोळा होता.

निवृत्तीनंतर मी सातारला राहते. कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, की मी सिस्टर होते. लग्नात, हळदीकुंकवात, दळणाच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणतं, "काकू, जरा बाजूला येता का?" बाजूला गेलं की विषय बहुधा हाच असतो. डोक्याला कोंडा झाला तर माणसं चारचौघांत बोलतात. जांघेत पुटकुळी आली की सगळ्या घराला फसवून चालण्याची ढब बदलतात. कातडी तीच आहे, फक्त झाकलेली आहे. म्हणून मी कुणाला घाईनं वाटेला लावत नाही. घरी बोलावते, चहा ठेवते.

माझ्या बहिणीची नात पुण्याला वसतिगृहात राहते. गेल्या दिवाळीत ती अशीच माझ्याजवळ येऊन बसली. पाच पात्यांचा रेझर, आंघोळ उरकता उरकता दोन मिनिटांत, उलट्या बाजूनं, कातडी ताणून. या रेझरचं पहिलं पातं केस उचलतं आणि मागची पाती तो आत सरकायच्या आत कापतात. मग त्याचं टोक कातडीच्या खाली जातं. हात फिरवला की रेशमासारखं लागतं खरं, पण कुरळ्या केसाला आतल्या आत वळायला तेवढं पुरतं. आबासुद्धा कातडी ताणायचे, पण पातं अडू नये एवढीच. तिला म्हटलं, आधी ठरव, काढायचेच आहेत का? कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक केले तरी स्वच्छतेत काही उणं पडत नाही. ते केस घासण्यापासून कातडीला जपतातच. काढायचेच असतील तर आंघोळीच्या शेवटी काढ, केस भिजलेले असतात. एकच पातं, नवं, कुणाचं वापरलेलं नाही. काविळीचा 'बी' विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगतो, त्यामुळे मैत्रिणीचा रेझर मैत्रिणीचाच राहू दे. दाब देऊ नकोस, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नकोस, रोख सोडू नकोस. नंतर गार पाण्याचा फडका आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. सुगंधी काहीही नको. आणि पुटकुळ्या आहेत तोवर पातं लावायचंच नाही, महिना लागला तरी.

मग तिनं पर्समधून ती ट्यूब काढली, जिची मला भीती होती. मेडिकलवाल्यानं न विचारता दिलेली, खाजेवर 'लगेच गुण' येणारी. त्यात जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र कालवलेलं असतं. चार दिवस खरंच बरं वाटतं. मग कातडी पातळ होते, पांढरे चरे पडतात, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते कडा पुसट करून आडवंतिडवं पसरतं. त्यावरून वस्तरा फिरवला तर आणखीच. जांघेतली कातडी नाजूक, औषध भराभर पिणारी. १९६७ साली एका अभ्यासात मोजलं गेलं होतं, की हाताच्या कातडीच्या तुलनेत अंडकोशाच्या कातडीतून स्टिरॉइड सुमारे ४२ पट शोषलं जातं. २०१८ साली सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ट्यूब पोरीच्या पर्समध्ये पोचलीच. मला फार राग आला. तिच्यावर नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

रागाचं कारण जुनं आहे. मी शल्यकक्षात असताना एक गृहस्थ आले होते, मधुमेही. जांघेतलं केसतूड त्यांनी आठ दिवस धोतराखाली लपवलं होतं. ताप चढला, लाली पसरत गेली, तेव्हा मुलानं उचलून आणलं. मोठी चीर द्यावी लागली, महिनाभर मी त्यांचं ड्रेसिंग केलं. ते वाचले. पहिल्या दिवशी ते मला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाई, तुम्हाला हे बघायला लागतंय." ताप, पसरत जाणारी लाली, वाढती गाठ, अंगात साखर, यांतलं काहीही असलं तर दवाखाना त्याच दिवशी, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगते.

आबा शेवटचे सहा महिने अंथरुणावर होते. नजर गेली होती. धोकटी कोनाड्यात तशीच, वस्तऱ्याला तेल लावलेलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या काखा घामानं चिघळायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "आबा, मी काढू का?" लेकीनं हे काम करावं का, याचा विचार करीत ते थोडा वेळ गप्प राहिले असावेत. मग त्यांनी स्वतःच हात उचलून डोक्यामागे टाकला, पारावर माणसं बसायची तसा. मी फडका कोमट पाण्यात बुडवून काखेत धरला. मिनिटभरानं फडका उचलून अंगठा फिरवायला गेले.

"थांब," ते म्हणाले. "भिजू दे अजून."