फेऱ्यात अडकलेलं दुकान

२०१८च्या जुलैत क्रोमने साध्या एचटीटीपी पत्त्यांपुढे ‘सुरक्षित नाही’ असं लिहायला सुरुवात केली आणि वहिनीच्या मसाल्यांच्या ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकं कार्डाचा नंबर टाकायला कचरू लागली. दुकान मॅजेंटोवर होतं. त्यात सुरक्षित आणि असुरक्षित असे दोन मूळ पत्ते नोंदवावे लागतात. दोन्हीकडे एचटीटीपीएस लिहिलं, कॅश साफ केली आणि दुकान उघडेनासंच झालं. गणपती तोंडावर आलेले.

त्या रात्री फोन उचलला तो जुन्या नोकरीतल्या ताईंनी.

“आधी ब्राउझर बंद कर, त्याला जुनंच आठवत असतं. कर्ल लाव आणि काय येतंय ते वाचून दाखव.”

मी वाचत गेलो. ३०२, पुढे तोच एचटीटीपीएस पत्ता. पुन्हा ३०२, पुन्हा तोच पत्ता.

“मॅजेंटोचं काही चुकत नाहीये रे. गिऱ्हाईक कुठल्या वाटेने आलं, हे त्याला कुणी सांगतच नाहीये.”

होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर बसवला होता. एचटीटीपीएसचं कूट तो बाहेरच उलगडायचा आणि आत साधी एचटीटीपी विनंती धाडायचा. मॅजेंटो ती सुरक्षित पत्त्याकडे परत पाठवायचं, ती पुन्हा बॅलन्सरमधून साधी होऊन यायची. बॅलन्सरने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर पाठवायचं आणि मॅजेंटोने ते मानायचं, एवढीच दुरुस्ती होती.

पानं उघडली तरी ताईंनी फोन ठेवला नाही. “हळदीच्या बरणीचा फोटो अजून एचटीटीपीवरून येतोय बघ.” वर्णनांत चिकटवलेले असे जुने पत्ते त्यांनी एकेक करून काढायला लावले, लॉगिनपासून पैसे भरण्याच्या पानापर्यंत. स्वतःची झोप मोडून परक्याच्या दुकानासाठी इतकं कोण बसतं? वहिनीचा तो हंगाम ताईंमुळे वाचला, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

दुसरं ऋण न पाहिलेल्या माणसांचं. दुकानाचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं, फुकट मिळालेलं. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनी ही सोय सर्वांना खुली केली. त्याआधी छोट्या दुकानदाराला प्रमाणपत्रासाठी बहुधा दरवर्षी पैसे मोजावे लागत. ही फुकट सोय उभारणाऱ्यांपैकी पीटर एकर्सली २०२२मध्ये गेले. मागची संस्था ना-नफा आहे, देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालते. तुमचं दुकानही त्यांच्याच प्रमाणपत्रावर चालत असेल, तर यंदा जमेल तेवढी देणगी त्यांना जरूर पाठवा.