घरातील ओनामा

एखाद्या कार्याचा आरंभ झाला की मराठी माणूस ‘ओनामा झाला’ असे म्हणतो. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या वाक्यातून आला आहे. जुन्या काळी पंतोजी धूळ पसरलेल्या पाटीवर मुलाकडून पहिली अक्षरे गिरवून घेत, तेव्हा आरंभी हे वाक्य म्हटले जाई. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे नुसता ‘ओनामा’ उरला. सिद्धांना केलेले हे वंदन जैन घरांना परके नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी या कन्येला लिपी आणि सुंदरी या कन्येला अंक शिकविल्याचे वर्णन आहे. म्हणजे आपल्या परंपरेतील पहिली शाळा घरातच भरली आणि पहिले गुरू वडीलच होते.

आज मात्र अक्षरओळख ही शुल्क भरून बाहेरून आणावयाची वस्तू झाली आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील पेठांत अनेक कुटुंबांची भाषा घरी मारवाडी किंवा गुजराती, गिऱ्हाइकाशी अहिराणी किंवा मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी अशी असते. त्यात ‘फोनिक्स’ हा नवा शब्द आला. त्याचे वर्ग निघाले, तक्ते आले. घरातील आजी-आजोबांनी मात्र हे आपल्या आवाक्यातील नाही, असे समजून बाजूस होणे पसंत केले. हा समज दूर व्हावयास हवा.

फोनिक्समागील कल्पना साधी आहे. अक्षराचे नाव आधी न शिकविता त्याचा आवाज शिकवावयाचा आणि आवाजाला आवाज जोडून शब्द वाचावयास लावावयाचे. इंग्रजीत याची गरज भासते, कारण तेथे अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसराच. ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ कोठेच ऐकू येत नाही, पण ‘वॉटर’ त्याच अक्षराने सुरू होते. ‘सी-ए-टी’ ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. ‘क्, ॲ, ट्’ हे आवाज जोडले की निघते. शिवाय अक्षरे २६ आणि आवाज सुमारे ४४. अशा भाषेत आवाज क्रमाने आणि पद्धतशीरपणे शिकविल्यास मुले लवकर वाचू लागतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने २००० साली काढला. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने याच पद्धतीचा पुरस्कार केला.

आपल्या वर्णमालेत मात्र अक्षराचे नाव हाच त्याचा आवाज आहे. तिची मांडणीही मुखातील स्थानांप्रमाणे झालेली आहे. ‘क’चा वर्ग कंठात उमटतो आणि पुढे सरकत सरकत ‘प’चा वर्ग ओठांवर येतो. ज्या आजीने लहानपणी बाराखडी घोकली, तिला फोनिक्सचे मर्म ठाऊक आहे. त्याला हे नाव आहे एवढेच तिला ठाऊक नाही.

तथापि घोकंपट्टी म्हणजे वाचन नव्हे. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत स्तोत्रासारखे म्हणणारे मूल मधलेच ‘म’ दाखविले की गोंधळते. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २०.५ टक्के मुलांना दुसरीचा पाठ वाचता आला. शहरातील व्यापाऱ्याच्या घरी असे होत नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

नंदुरबारमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरचा अनुभव बोलका आहे. नातू इंग्रजी शाळेत दुसरीत होता आणि आपले वाचनाचे पुस्तक पाहुण्यांसमोर धडाधड वाचून दाखवीत असे. एकदा आजीकडून दोन पाने एकदम उलटली गेली. आजीला इंग्रजी येत नव्हते. पण समोर जहाजाचे चित्र असताना नातू गाईविषयी वाचतो आहे, एवढे तिच्या ध्यानात आले. सारे पुस्तक पाठ होते. वाचता मात्र एक ओळही येत नव्हती.

वडील म्हणाले, “मोठा झाला की येईल आपोआप. शेवटी दुकानावरच तर बसायचे आहे.” आजोबांना हे मानवले नाही. त्यांच्या एका भावाने कागद न वाचता कोणाला जामीन म्हणून सही दिली होती आणि दुसऱ्याच्या कर्जाचे हप्ते कितीतरी वर्षे भरले होते. “दुकानावर बसणाऱ्यालाच वाचता आले पाहिजे,” एवढेच ते बोलले आणि उठून गेले.

त्या घरात सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. त्यानंतरची पंधरा मिनिटे आजीने मागून घेतली. पहिले काही दिवस पाटी-पेन्सिल नव्हतीच. नुसता ऐकण्याचा खेळ होता : दुकानात ‘म’ने सुरू होणारे काय काय आहे? मका, माचीस, मिरची, मीठ, मुरमुरे, मूग, मेथी, मैदा, मोहरी. पाहता पाहता ‘म’ची बाराखडी जवळजवळ पूर्ण झाली. मग सुनेने या नावांच्या चिठ्ठ्या जाड अक्षरांत लिहून डब्यांवर चिकटविल्या. प्रत्येक चिठ्ठीत पहिले अक्षर तेच, मात्रा तेवढी निराळी. मात्रा बदलली की माल बदलतो, हे त्या मुलाला चटकन पटले.

अडचणीही आल्या. ‘नमन’ तो ‘न-म-न’ असा तोडून वाचे आणि शेवटचा ‘न’ लांबवी. बोलताना त्या ‘न’मधील ‘अ’ गळतो, हे आजीने नियम न सांगता केवळ जोडून म्हणून दाखविले. दुकानात कानावर पडणाऱ्या अहिराणीमुळे ‘शाळा’ची ‘शाया’ होई. आजीने ती बोली चुकीची ठरविली नाही. “बोलताना शाया, वाचताना शाळा,” असे सांगितले. ‘चार’मधील ‘च’ आणि ‘चाक’मधील ‘च’ एकाच अक्षराने लिहिले जात असले तरी वेगळे वाजतात, हे मात्र गुजरातीत वाढलेल्या आजीलाच सुनेकडून शिकावे लागले, आणि त्याचा नातवाला मोठा आनंद झाला. पाहुण्यांसमोर वाचून दाखविण्याचा कार्यक्रम आजीने कायमचा बंद केला.

मराठी शब्द जुळू लागल्यावर इंग्रजीची बाजू सुनेने घेतली. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांचे केवळ आवाज : स्, ॲ, ट्, इ, प्, न्. एवढ्यांतून सॅट, टिन, पिन, नॅप असे कितीतरी शब्द होतात. जोडण्याची युक्ती मराठीत उमगलेली असल्याने ती नव्याने समजावावी लागली नाही. जे शब्द आवाजाने सुटत नाहीत, ते ओळखीनेच लक्षात ठेवावयाचे, असे ठरले. कार्तिकातील ज्ञानपंचमीला पूजेसाठी ग्रंथ मांडले, तेव्हा नातू बोट ठेवून त्यांची नावे वाचीत होता. ‘ज्ञ’पाशी तो अडला आणि विचारून पुढे गेला. अडणे आणि विचारणे हे पाठांतरात कधी घडत नाही.

असेच काम मोठ्या प्रमाणावर फलटण येथे झाले आहे. भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन. त्यांनी तेथे प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. सारी वर्णमाला एका दमात न शिकविता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा यांचे गट करावयाचे आणि तेवढ्यांतूनच लगेच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये वाचावयास द्यावयाची, ही त्यांची रीत. घरीही ती सहज जमते. आपल्या जुन्या ‘ग म भ न’ या चार अक्षरांतूनच मन, नभ, गगन, नमन हे शब्द होतात. एका ‘आ’च्या काना मिळाला की मामा, नाना, भाग, मान तयार.

आपल्या जिल्ह्यात तर याचा एक विनामूल्य तक्ता उभा आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर आहे आणि तेथील उद्घोषणा हिंदी, मराठी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. मुलाला तेथील फलकासमोर उभे करावे. देवनागरी ‘न’ची शिरोरेषा पुसली की गुजराती ‘न’ होतो, हे ते स्वतःच शोधून काढील. इंग्रजी नावातील सातही अक्षरे आपापला आवाज प्रामाणिकपणे देतात. गाव एक, आवाज तेच, वेश तेवढे निराळे.

घरी शिकविताना काही पथ्ये पाळावीत. वेळ थोडा पण रोजचा असावा. चुलत भावंडांशी तुलना नको. चूक झाली की रागावण्याऐवजी तोच शब्द आपण हळू वाचून दाखवावा. वाचता येऊ लागल्यावरही मोठ्यांनी मुलास गोष्टी वाचून दाखविणे थांबवू नये, कारण आवाज जुळणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. गोडी अर्थात आहे. अनेक महिने प्रेमाने प्रयत्न करूनही अक्षरे जुळत नसतील, तर आळशी म्हणून हिणवू नये. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग जाणकारांचा सल्ला घ्यावा.

येत्या दिवाळीत नवी वही उघडताना तिच्यावरील ‘शुभ लाभ’ हे शब्द घरातील सर्वांत लहान वाचकाकडून वाचून घ्यावेत. चार अक्षरे, दोन मात्रा, जोडाक्षर एकही नाही. तयारीला पुरेसा अवधी आहे.