ट्रायल मुंबईत, पेशंट तालुक्यात

कॅन्सरच्या औषधाची ट्रायल म्हटलं की लोक विचारतात, "आम्ही काय उंदीर आहोत का?" भीती अगदीच खोटी नाही. पण आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं घडवलेली नेक्सकार-१९ ही थेरपी २०२३ मध्ये मंजूर झाली, त्याआधी ती ट्रायलमधल्या मोजक्याच पेशंटना मिळाली होती.

देशातल्या ट्रायलची नोंद सरकारच्या सीटीआरआय वेबसाइटवर २००९ पासून सक्तीची आहे. कुणीही बघावी. फक्त इंग्रजी यायला हवं! गल्लीतल्या एका काकांना तोंडाचा कॅन्सर आहे, मुलगा रिक्षा चालवतो. त्याला मोबाइलवर साइट उघडून दिली. दोन मिनिटं बघून म्हणाला, "दादा, यातलं मला काय कळणार? आणि कळलं तरी दर पंधरा दिवसांनी मुंबई कशी परवडणार?" औषध फुकट मिळेलही, पण दोघांचं भाडं, राहणं, बुडालेला धंदा?

२०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र पेशंटला समजेल अशा भाषेत हवं. चांगलंय, पण ते हातात पडतं तिथवर पोचलेल्याच्या. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी ही यादी मराठीत समजावणारा माणूस बसवा, आणि जाणाऱ्याला एसटीचं भाडं द्या. आमदारसाहेब, वाचताय ना?