अंतर

वडिलांचा यशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा माझ्या हाती आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्या लेन्सभोवतीच्या रिंगवर फुटांचे आणि मीटरचे बारीक आकडे होते. डोळा लावला की मधोमध एक उजळ ठिपका दिसायचा आणि त्या ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा. रिंग फिरवत त्या एकमेकींवर नेमक्या बसवायच्या. बसल्या की फोकस झाला. म्हणजे प्रत्येक फोटोआधी आपण समोरच्यापासून किती लांब उभे आहोत, ते मोजावंच लागायचं. ०.८ मीटरपाशी रिंग अडायची. त्याहून जवळ गेलं की चित्र धूसर. लेन्स ४५ मिलिमीटरची, न बदलता येणारी. जवळचं हवं असेल तर पायांनी पुढे जायचं. रोलमध्ये ३६ फोटो, आणि ते महिना-महिना पुरवायचे.

पुढे बँकेत नोकरी लागली, डिजिटल कॅमेरा आला, ६०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स आली. फोकस कॅमेराच करू लागला. रिंगवरच्या आकड्यांकडे बघायची माझी सवय मोडली, आणि ती मोडल्याचं कित्येक वर्षं माझ्या ध्यानातही आलं नाही.

भिगवणला पहिल्यांदा गेलो ते हीच लेन्स घेऊन. पहाटे चारला पुण्याहून निघायचं, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जायचं आणि उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचायचं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे इथवर पसरलेलं आहे. हिवाळा सरता सरता पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. धरण काठोकाठ भरलेलं असेल त्या वर्षी त्यांना पाय टेकायला जागा नसते, मग ते उशिरा येतात.

नाव चालवणारा तरुण गावातलाच, मासेमारी करणाऱ्या घरातला. समोर दोनेकशे पक्षी माना खाली घालून, चोची उलट्या धरून गाळातून खाणं गाळून घेत होते. मी म्हणालो, "अजून थोडं पुढं घे." नाव सरकली. "अजून थोडं." तो म्हणाला, "सर, माना वर झाल्यात." त्याचा अर्थ मला कळला नाही. मी पुन्हा हात पुढे केला, आणि पुढच्याच क्षणी सगळा थवा पाण्यावरून धावत सुटला आणि उडाला. पांढऱ्या अंगाखाली लपलेले लाल-गुलाबी पंख, त्यांच्या काळ्या कडा, सगळं एकदम उघडलं. मी एका दमात साठ-सत्तर फोटो काढले.

परतताना तो एवढंच म्हणाला, "सकाळचं खाणं मोडलं त्यांचं."

त्यातला एक फोटो मी मोठा करून दिवाणखान्यात लावला. येणारा-जाणारा कौतुक करायचा. मला मात्र त्या फोटोकडे पाहिलं की त्याचं ते वाक्य ऐकू यायचं. वर्षभराने मी तो फोटो उतरवला.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी त्याच्याच नावेतून गेलो आणि थव्याच्या माना वाचायला शिकलो. सगळ्या माना पाण्यात असतील तर आपण त्यांच्या लेखी नाही. दोन-चार माना वर आल्या की थांबायचं. सगळ्या वर होऊन थवा एका दिशेने चालू लागला, तर आपण आधीच जास्त जवळ आलो. पहिली मान वर झाली की तो बांबू गाळात रोवून नाव थोपवतो. मग वाट पाहायची. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. तेवढ्या वेळात मी बाकीची कामं उरकतो. कॅमेऱ्याचं मीटर साऱ्या जगाला मध्यम राखाडी समजतं. चमकत्या पाण्यावरचा पांढरा पक्षी त्याच्या हिशेबाने काढला तर तो राखेसारखा मळका येतो. म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवून ठेवतो. पुष्कळदा खाता खाता पक्षीच आपल्याकडे सरकतात. अजून गुलाबी न झालेलं एक राखाडी पिल्लू असंच सरकत नावेसमोरून गेलं. माझ्याजवळचा रोहितचा सर्वांत चांगला फोटो तो आहे, आणि त्यात एकही पंख उघडलेला नाही.

त्याच पाण्यावर पट्टकादंब येतात. तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवर त्यांची पिल्लं वाढतात, आणि हिमालय ओलांडून ते आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. एवढ्या लांबून आलेल्याला आपण आणखी वीस हात पुढे जाण्यासाठी उठवायचं का, हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारावा असा आहे.

माळरानावर हे अंतर आणखी जपावं लागतं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांमध्ये अंडी घालते. बहुधा चार, जमिनीच्याच रंगाची. तापलेल्या दुपारी ती आपलं पोट पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवते. ती ओरडत आपल्या डोक्यावर घिरट्या घालत असते तेव्हा अंडी उन्हात तापत असतात. अशा वेळी कॅमेरा पिशवीत घालून आल्या वाटेने मागे फिरणं, हेच फोटोग्राफरचं काम.

पक्ष्यांच्या बाबतीत मी जास्त जवळ जात होतो. माणसांच्या बाबतीत चूक बरोबर उलटी होती.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मी अनेक वर्षं रविवारी सकाळी जात असे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने इंग्रजी अमदानीत बांधलेली ही दगडी इमारत. सकाळी वरून तिरपा उजेड भाज्यांच्या ढिगांवर उतरतो, तेव्हा आत शिरणाऱ्याची पावलं थबकतात. मी खांबाआडून, झूम लावून फोटो काढायचो. भाजी विकणाऱ्या एका आजींचा असाच एक फोटो काढला. घरी मोठ्या पडद्यावर पाहिला तर चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्पष्ट होती, पण नजर भलतीकडेच. दुरून, नकळत टिपलेल्या पाखरासारखा तो फोटो दिसत होता. आजींशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. भिगवणच्या त्या तरुणाच्या नावेतून मी तीन हिवाळे पक्षी टिपले आणि त्याचा स्वतःचा एकही फोटो काढला नव्हता, हेही मला त्याच दिवशी जाणवलं.

पुढच्या रविवारी फक्त ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन गेलो. "आजी, तुमचा एक फोटो काढू का?"

"काढ की. पण आधी भवानी होऊ दे."

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. त्यांनी नोट कपाळाला लावली आणि पोत्याखाली सरकवली. मग मेथी कुठून आली, पावसाने कशी नासली, पहाटे किती वाजता निघावं लागतं, हे सगळं बोलणं झालं. बोलता बोलता त्या कॅमेरा विसरल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या, तेव्हा मी फोटो काढला. आयएसओ १६००, शटर १२५. लेन्सवरचा आकडा मुद्दाम पाहिला: एक मीटर. वडिलांच्या कॅमेऱ्याची रिंग जिथे अडायची, त्याच्या जवळपासच.

आठवड्याने छापील प्रत नेऊन दिली. आजींनी स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही. "मेथी काय टवटवीत आलीय!" म्हणाल्या आणि फोटो तागडीमागे खोचून ठेवला.

सगळेच हो म्हणत नाहीत. एका हमालाने पाटी डोक्यावर असतानाच तळहात आडवा धरला. मला ती थव्यातली वर झालेली मान ओळखू आली. कॅमेरा खाली घेतला आणि त्याला वाट दिली.

नव्याने कॅमेरा घेणारी मुलं मला लेन्स कोणती घेऊ विचारतात. लेन्स परवडेल ती घ्या. पण पाणवठ्यावर असा की मंडईत, पहिली दहा मिनिटं कॅमेरा गळ्यातच राहू द्या आणि समोरच्याला आपलं किती जवळ येणं चालतंय ते बघा. त्याच जागी, त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जा. काढलेल्या फोटोची एक प्रत ज्याचा आहे त्याला नेऊन द्या. नाव चालवणाऱ्याचा फोटोही आता त्याच्या घरात भिंतीवर आहे. अंतर राखा, पण ज्यांनी आपल्याला फोटो काढू दिला, त्यांना अंतर देऊ नका.