मुक्या जीवाचे पडिलेहण

पुण्यातील जैन व्यापारी घरांत श्वानपालन आता नवलाचे राहिलेले नाही. गुरुवार पेठेतील वा भवानी पेठेतील जुन्या वाड्यांत गाईला चारा, पारव्यांना दाणे आणि दाराशी येणाऱ्या कुत्र्याला पोळी, एवढाच प्राण्यांशी संबंध असे. त्याच घरांची पुढची पिढी बिबवेवाडी, महर्षीनगर, कोंढवा येथील सदनिकांत राहू लागली आणि नातवंडांच्या हट्टाने गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर, शिह त्झू उंबरठ्याच्या आत आले. त्यांची आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, कान पुसणे या साऱ्याला ग्रूमिंग असे एक नाव मिळाले. वरवर पाहता हा हौसेचा विषय. परंतु पावसाळा सुरू झाला की जैन घरात तो व्रताचाही विषय होतो.

मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाला याची जाणीव एका श्रावणात झाली. त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर महिन्यातून एकदा सलूनमध्ये जाई आणि सुगंधित होऊन परत येई. मधल्या दिवसांत त्याच्या केसांना कोणी हात लावीत नसे. दमट हवेत दाट केसांखाली गोचीड वाढले. पुढे त्याने अन्न सोडले, नाकातून रक्त आले. तपासणीत गोचीडताप निघाला आणि डॉक्टरांनी तापाच्या औषधासोबत गोचीड मारणारी गोळीही सांगितली.

घरातील आजी रोज सामायिक करणाऱ्या. त्यांनी मुलाला विचारले, "एक जीव वाचवायला एवढे जीव मारायचे, आणि तेही चातुर्मासात?" मुलगा म्हणाला, "आई, औषध दिले नाही तर हा आपल्या डोळ्यांदेखत जाईल." दोघांच्याही मनात करुणाच होती, म्हणूनच निर्णय अवघड होता.

शास्त्राने हा पेच हलका केलेला नाही. ऊ, ढेकूण, मुंगी यांच्याप्रमाणे गोचीडही तेइंद्रिय जीवांत मोडतो. इरियावहिया सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली जाते, त्यांत तो येतो. दुसरीकडे कुत्रा पंचेंद्रिय आणि आपल्या आश्रयाला आलेला. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार म्हणजे बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाळीव प्राण्याची हेळसांड करणाऱ्याला ते आजही लागू पडतात. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानी नमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षगतीला गेला, ही कथा आपल्या परंपरेत आदराने सांगितली जाते. श्रावकाकडून संकल्पी हिंसेचा त्याग अपेक्षित आहे. आरंभी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, ती जयणेने कमी करावी लागते.

कुत्र्याला औषध दिले गेले आणि तो वाचला. आजींनी आलोचना केली. परंतु एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. ही वेळ आलीच का, याचा त्यांनी विचार केला. साधू-साध्वी रोज दोन वेळा वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. जीव आधी नजरेस पडावा आणि ओघ्याने अलगद दूर व्हावा, हा त्यातील हेतू. मग घरातल्या या मुक्या जीवाचे पडिलेहण घरच्यांनी का करू नये? तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी नातू कुत्र्याला धरून बसतो आणि आजी कंगवा फिरवतात.

त्यांच्या या नियमाला प्राणिवैद्यकाचाही आधार आहे. रक्त पिऊन टम्म झालेली एक मादी गोचीड जमिनीवर गळून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. ती वेळेवर दिसली, तर पुढची उत्पत्ती टळते आणि पुढची हिंसाही टळते. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि गळपट्ट्याखाली विशेष पाहावे. गोचीड सापडला तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. चिरडू नये, त्यावर रॉकेल ओतू नये. पूर्ण निर्दोष मार्ग इथेही नाही, कारण त्याचा आहार आपण तोडतोच. काही गळपट्टे आणि पाठीवर टाकायचे थेंब गोचिडांना मारतात, तसेच दूरही ठेवतात; गोळीचा परिणाम मात्र गोचीड चावल्यानंतरच होतो. हा फरक पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावा.

विंचरणे, कान कोरडे करणे, फिरून आल्यावर पंजे पुसणे ही कामे घरीच व्हावीत. माणसाचा शाम्पू वापरू नये. कुत्र्याच्या त्वचेला तो मानवत नाही. पाणी कोमट व बेताचे असावे, आणि आंघोळीनंतर केस मुळापर्यंत सुकवावेत. नखांच्या आत रक्तवाहिनी असते; काळ्या नखांत ती दिसत नाही. म्हणून हात बसलेला नसेल तर नखे, तसेच गुंतून जटा झालेले केस, जाणकाराकडे सोपवणे हीच दया. उन्हाळ्यात दुहेरी केसांच्या जातींचे केस मुळापासून भादरू नयेत. ती लव उन्हापासून त्यांचे रक्षण करते.

सलून निवडताना माल पारखण्याची आपली व्यापारी नजर उपयोगी पडते. एका कुत्र्यानंतर अवजारे धुतली जातात का? मालकाला समोर उभे राहू देतात का? भ्यालेल्या प्राण्याला बांधून, दामटून काम उरकतात का? ब्रश डुकराच्या केसांचा आहे का, पट्टा चामड्याचा आहे का, शांत बसल्याबद्दल मांसाचा खाऊ दिला जातो का? हे विचारण्यात संकोच कसला? आणि कुत्री, मांजरे नफ्यासाठी पोसणे हे असतीपोषण नावाच्या कर्मादानात येते, हे पिल्लू विकत घेण्यापूर्वीच आठवावे. निराधार पिल्लाला घर देण्याने तो दोष टळतो.

त्या घरात पुढचा पावसाळा एकाही गोळीविना गेला. दर वर्षी असेच घडेल, याची खात्री आजी देत नाहीत. आषाढी चौदसेला चातुर्मास बसतो, त्याच दिवसापासून कंगव्याची एक फेरी संध्याकाळीही सुरू होते. ती राहून गेली, तर नातूच आठवण करून देतो.